कुक्षी सुकायच्या आत

भिंगाबाई हे नाव नवऱ्यानं चेष्टेत ठेवलं आणि ते संशोधन केंद्रातही चिकटलं. गव्हाच्या फुलातला स्त्रीकेसर भिंगाखाली मोजणं हे तिचं काम. वर पिसासारखी कुक्षी, जिच्यावर पराग बसतो. खाली अंडाशय, ज्याचा दाणा होतो. कुक्षी कधी फुलते, कधी मावळते, हे ती रोज मोजायची.

सध्या ती मोजत होती त्या वाणाला स्वतःचा पराग नव्हता. तो द्यायला शेजारी दुसरं वाण लावलेलं. रविवारी काचघराचे पंखे बंद पडले आणि उकाड्यानं त्याचा पराग मेला. तिच्या वाणाचं बियाणं तर आधीच संपलेलं. उरली ती कुंड्यांतली रोपं.

"सोडून द्या आता," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्या झाल्या कुक्ष्या."

"अजून ओल्या आहेत, साहेब!"

गावाबाहेर उशिरा पेरलेला गहू फुलात होता. तिनं नवऱ्याला स्कूटर घेऊन बोलावलं, ओंब्या कापल्या, पाण्याच्या डब्यात उभ्या केल्या आणि डबा मांडीवर धरला. पराग एकदा बाहेर पडला की अर्धा तासही जगत नाही.

"हळू चालवू की जोरात?"

"जोरात! आणि खड्डे चुकवा."

"दोन्ही एकदम करायला मी काय सर्कशीत होतो?"

पुलावर ट्रक आडवा झालेला. पुढे वाट नाही, मागे वाट नाही. उन्हानं ओंब्या तापल्या, फुलं उघडली आणि पिवळी भुकटी तिच्या मांडीवर सांडू लागली. ती ओंजळीनं आडोसा करत राहिली. "अहो, काहीतरी करा ना!" नवऱ्यानं स्कूटर बंद केली, उतरून तिच्यावर आपली सावली धरली. त्याच्या हातात तेवढंच होतं.

काचघरात पोचल्यावर उरलासुरला पराग तिनं फुलाफुलावर झटकला.

पुढे अंडाशय फुगले. "धरलंय वाटतं," ती घरी म्हणाली खरी, पण ताट सारून तिनं नोंदवही उघडली. पराग न मिळालेला अंडाशयही असाच फुगतो, आडवा, फूल उघडं ठेवून वाट बघतो. हे तिच्याइतकं कुणी मोजलं नव्हतं.

मग एकेक अंडाशय सुरकुतला. दाणा एकही नाही.

"कुंड्या रिकाम्या करायला माणूस पाठवतो," साहेब हळूच म्हणाले.

"थोडं थांबा. मोजायचं राहिलंय."

शेवटची कुक्षी भिंगाखाली दोऱ्यासारखी पडली होती. तिची कडच सापडेना. भिंगाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकली.