खुर्चीवरून झालेलं प्रसारण

माझे सासरे कवळ्या बनवतात. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातचे दात घालून हसतात, आणि उरलेली निम्मी ‘जरा टोचतंय हो’ म्हणत तेच दात घासून घ्यायला येतात. पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि नवा पाहुणा आधी त्यांच्याकडे बघून दचकतो. मागच्या खोलीत दुसरं टेबल, त्यावर रेडिओ. हा गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. हा बोलायचा रेडिओ, परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो तो. गच्चीवर त्याचा उंच खांब आहे, आणि त्या खांबापायी मला कपडे वाळत घालायला आजवर एक सरळ दोरी बांधता आलेली नाही. हे एकदाच सांगते आणि सोडून देते, कारण मी तक्रार करायला बसलेली नाही. झालंच तर आभार मानायला बसले आहे.

दर रविवारी सकाळी सासरे, म्हणजे आमचे बाबा, रेडिओवाल्यांच्या क्लबाचं नेट चालवतात. नेट म्हणजे सगळ्यांनी आपापल्या घरून एका ठरलेल्या लहरीवर जमायचं, आणि एकाने सूत्रं हातात धरून बाकीच्यांना एकेक करून बोलायला लावायचं. सुरुवातीला बाबा बातम्या वाचतात. सूर्यावरचे डाग वाढलेत, तेव्हा लांबचे आवाज यायला लागतील, लक्ष ठेवा. कुठल्याशा विद्यार्थ्यांनी बनवलेला छोटा उपग्रह वर गेलाय, तो डोक्यावरून कधी जाणार ते लिहून घ्या. काडेपेटीएवढा रेडिओ निघालाय, संगणकाला जोडला की लहरी पडद्यावर नुसत्या नाचताना दिसतात. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कपड्यांच्या घड्या घालता घालता मी सगळं ऐकते. सूर्याची इतकी खबरबात ठेवणारं दुसरं घर आमच्या गल्लीत नसेल.

बातम्यांनंतर हजेरी. टपालवाले असतात. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे निरोप वाटले, त्यामुळे स्वतःचं सगळं बोलणं साठून राहिलंय आणि ते रविवारी बाहेर पडतं. गाडीवाल्या ताई असतात, त्या लोकांना गाडी चालवायला शिकवतात. घड्याळजी असतात, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांचं घर टेकडीपलीकडे, त्यामुळे आवाज कायम चोरून बोलल्यासारखा येतो. आणखीही काही जण आहेत.

मी या घरात आले तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही असतो. नवराही काही कमी नाही. आम्ही भांडायला लागलो की दोघंही एकदम बोलायचो आणि कोणाचंच कोणाला ऐकू जायचं नाही. एकदा बाबा जेवता जेवता म्हणाले, “हवेवर एका वेळी एकच जण बोलतो. आपलं झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्याने तोंड उघडायचं.” आम्ही चेष्टेत सुरू केलं आणि तेच अंगवळणी पडलं. समोरचा ओव्हर म्हणेपर्यंत गप्प बसायचं म्हटलं की त्याचं बोलणं नाइलाजाने ऐकावंच लागतं. आमचा संसार टिकला त्यात या एका शब्दाचा वाटा मोठा आहे आणि तो मला बाबांनी दिला. माहेरहून आणलेलं काहीही मला इतकं उपयोगी पडलं नाही.

तर बाबांना कमी ऐकू यायला लागलं. ते आम्हाला कळत होतं, टीव्हीच्या आवाजावरून शेजाऱ्यांनाही कळत होतं. कानाचं यंत्र आणलं, पण रेडिओसमोर ते लावलं की हवेतली खरखर तळणीसारखी कानात उसळायची. ते यंत्र डबीत गेलं. तरी रविवारचं नेट बिनबोभाट चालू होतं, म्हणून मला वाटलं, तिथे त्यांचं भागत असेल.

एका रविवारी नेट संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी घड्या घातलेले कपडे मांडीवर घेऊन बसले.

“पुढच्या महिन्यापासून नेट टपालवाल्याकडे देतोय,” ते म्हणाले.

“का?” मी विचारलं. म्हणजे ओरडले. बाबांशी बोलायचं तर आता तसंच बोलावं लागतं.

“कवळ्यांचं काम वाढलंय, असं सांगणार आहे.”

“कुठे वाढलंय? काल दुपारभर तुम्ही शब्दकोडं सोडवत होतात.”

बाबा खुर्चीत सावरून बसले. “मला बोलणं कळत नाही गं. फ्रिजची घरघर येते, खाली ट्रक उभा राहिला तर तोही येतो. जाड आवाज सगळे येतात. पण माणूस बोलायला लागला की दात पडल्यासारखं. नुसतं आ, ओ, ऊ. मधलं सगळं गळून पडलेलं.”

“मग नेट कसं चालवता?”

“अंदाजाने. रांग ठरलेली आहे. टपालवाला काय, त्याचं ऐकलं नाही तरी काही बुडत नाही. तो थांबला की म्हणायचं, उत्तम, पाच-नऊ.” पाच-नऊ म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरदार. रेडिओवाल्यांचे ते पैकीच्या पैकी मार्क. “मागच्या रविवारी घड्याळजीची पाळी आली. काहीतरी आलं कानावर. मी म्हणालो, छान, ठणठणीत वाटताय, पाच-नऊ. दुपारी कळलं, बोलत होती ती गाडीवाली. घड्याळजीला दवाखान्यात ठेवलंय, हे ती सांगत होती.”

“परत सांगा म्हणायचं होतंत,” मी म्हटलं.

“एकदा म्हणता येतं. दोनदा म्हणता येतं. तिसऱ्यांदा म्हटलं की समोरचा आवाज चढवतो, आणि आपण म्हातारे झालो हे सगळ्यांदेखत ठरून जातं. तू ओरडतेस ते चालतं, तू घरची आहेस.” ते पुढे म्हणाले, “तुझी सासू गेली त्या आठवड्यातसुद्धा मी नेट चालवलं. त्या लोकांमुळे मी उठून बसलो. त्यांच्या दयेवर मला तिथे राहायचं नाही. त्यापेक्षा आपणहून उठलेलं बरं.”

“झालं असेल तर ओव्हर म्हणा,” मी मांडीवरचे कपडे बाजूला टाकत म्हटलं.

“ओव्हर.”

मग मी घर डोक्यावर घेतलं. टपालवाल्यांच्या हाती नेट दिलंत तर एका रविवारच्या बातम्या पुढच्या रविवारपर्यंत पुरतील, असं म्हणाले. लोकांचे दात नीट बसवता आणि स्वतःचा कान लपवता, असंही म्हणाले. इतक्यात दाराची घंटा वाजली, वाजतच राहिली. दारात गाडीवाल्या ताई, डोक्यावर हेल्मेट तसंच, धापा टाकत.

“बाबा कुठायत?” त्या सरळ आत घुसल्या. “बाबा, उठा. आधी खुर्चीवरून उठा.”

बाबा उठले. उशी आणि खुर्चीचा हात यांच्या मधल्या फटीत माईक अडकला होता. त्याचं बटण दाबलेलं राहिलं होतं. बटण दाबलेलं असेपर्यंत हा रेडिओ नुसता बोलतो, ऐकत काहीच नाही. त्यामुळे बाबा सावरून बसल्यापासूनचं सगळं, माझ्या टपालवाल्यांवरच्या व्याख्यानासकट, अख्ख्या क्लबाने ऐकलं होतं आणि थांबा म्हणायची सोय कुणालाच नव्हती. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. त्यावर टपालवाल्यांचेच किती फोन येऊन गेले होते.

परवाना नसताना मी हवेवर बोलले, हा गुन्हा माझ्या नावावर जमा झाला तो झालाच. पण बाबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी माईक जागेवर अडकवला, रेडिओवर टॉवेल टाकला आणि पुढच्या खोलीत जाऊन एक जबडा घासायला घेतला.

पूर्ण आठवडा त्यांनी रेडिओचा विषय काढला नाही. क्लबातून एक फोन नाही, कुणी फिरकलं नाही. बाबा म्हणाले, “बरोबर आहे. काय बोलणार बिचारे?” माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर ज्यांच्यासाठी सूर्याचे डाग वाचून दाखवले, त्यांना एक फोन जड झाला?

रविवारी बाबा कामाच्या टेबलापाशीच बसून राहिले. नेटची वेळ झाली तशी मी मागच्या खोलीत गेले, टॉवेल ओढला आणि रेडिओ लावला. आपल्यामागे काय बोलतात ते ऐकायचं आणि टपालवाल्यांना फोन करून चार शब्द सुनवायचे, असा माझा बेत होता.

कुणी बोलत नव्हतं. एक जाड, घोगरा सूर येत होता. तुटक, लांब, परत तुटक. मधे जरासा खंड. मग पुन्हा तेच. पुढच्या खोलीतलं घासायचं यंत्र बंद झालं.

“इतकं वाईट कोण वाजवतंय?” बाबा तिकडून म्हणाले.

ते दारात येऊन उभे राहिले, हाताला प्लास्टर तसंच. “ही गाडीवाली,” ते म्हणाले. “हिला मोर्स कुठे येतं?” पुढचा सूर सुरू झाला, भरभर आणि लांबलचक. “हा टपालवाला. मोर्समध्येसुद्धा आवरत नाही याला.”

मागाहून कळलं ते आत्ताच सांगते. बाबांनी खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की जाड आवाज सगळे येतात. ताईंनी ते पकडलं. टपालवाल्यांना तारेच्या काळातलं जुनं मोर्स थोडंफार येत होतं. आठवडाभर सगळे संध्याकाळी त्यांच्याकडे जमून शिकत होते, प्रत्येकाने निदान आपली खूण, म्हणजे हवेवरचं नाव, आणि एखाददुसरा शब्द. ज्यांना येता आलं नाही त्यांना खुणांचा कागद पोचवला. जाड सुराचा भोंगा करायचा, माईकसमोर धरायचा आणि वाजवायचा. बाबांनी नेहमीसारखं तोंडाने बोलायचं, बाकीच्यांनी बोटांनी. फोन यासाठी केला नाही की बाबा ‘नको’ म्हणाले असते.

बाबा खुर्चीत बसले. मी आधी उशी बाजूला काढली. त्यांनी बटण दाबलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “सुप्रभात. नेट सुरू करतोय. बातम्या तयार नाहीत, माफी असावी. ज्यांची खूण आली त्यांची नावं घेतो.” त्यांनी एकेक नाव घेतलं आणि प्रत्येकाच्या चुका काढल्या. मी दाराशी उभी राहून रडत होते, तेही हसत हसत. या माणसांना मी काय काय ठरवलं होतं आणि त्यांनी काय केलं. माझ्या म्हाताऱ्याला त्यांनी सांभाळून घेतलं नव्हतं, ते स्वतः शाळेत जाऊन बसले होते. त्यांचं हे देणं मी कुठल्या जन्मी फेडणार ते मला माहीत नाही.

शेवटी टेकडीपलीकडून एक सूर आला. फार क्षीण, आणि वाजवणाऱ्याच्या हातात जोर नसावा, कारण तुटक काय आणि लांब काय ते वेगळं राहत नव्हतं. बाबा पुढे वाकले. सूर संपला. त्यांनी माईक उचलला.

“कळलं नाही,” ते म्हणाले. “परत पाठवा. ओव्हर.”

सूर परत आला. बाबांनी डोळे मिटले होते. “अजून नाही. परत.”

मला वाटलं, आता बाबा नेहमीचं ‘उत्तम’ म्हणून मोकळे होतील. पुन्हा आलेला सूरही अर्ध्यात विरला तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा ‘परत’ म्हणायला बटण दाबलं, आणि त्यांच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता. “घड्याळजी, घाई नाही. परत एकदा पाठवा, आम्ही सगळे थांबलोय.”

या खेपेला तो शब्द हळूहळू, एकेक अक्षर करत आला. बाबांनी तो पुरता होऊ दिला.

“घरी आलात,” ते म्हणाले. “ऐकलं मी.”