गुरुजींचे शब्द, माझा लॅपटॉप

परभणीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. क्लासमधल्या गमती मी चार दिवसांत विसरतो. पण माने गुरुजींनी ब्लॉग काढला आणि वर्षभरात इतके किस्से साचले, की चहाला बसलं की मित्र आधी त्याबद्दलच विचारतात.

गुरुजी राणीसावरगावचे, रिटायर्ड. गावाकडचे शब्द वह्यांत लिहून ठेवायचे. पेटीतल्या दोन वह्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा माझ्याकडे आले. ब्लॉग माझ्या घरच्या, बॅटरी गेलेल्या जुन्या लॅपटॉपवरूनच चालवायचं ठरलं.

"डेटाबेस टाकू का?" मी विचारलं.

"त्यानं काय व्हतं?"

"सगळे शब्द एका पेटीत राहतात. नाहीतर एका शब्दाला एक साधी फाईल."

"पेटी नको," गुरुजी म्हणाले. "वाळवी पेटीतच लागली हुती."

*

एकदा पुण्याहून एका बाईंचा फोन. "साईट बंद पडलीय का?"

"बंद न्हाई," गुरुजी म्हणाले. "लाईट गेलीय. चारला येती, तवा या."

चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "आले हो."

*

मग साईट रोज सकाळी अकराला बंद पडायला लागली. चार दिवस मी सगळं सेटिंग तपासलं. पाचव्या दिवशी क्लासला गेलोच नाही. अकराला आई झाडू घेऊन आली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

"रोज उघडा टाकून जायलास," ती म्हणाली. "धूळ बसायलीय त्याच्यावर."

*

डेटाबेस नाही म्हणून कॉमेंटची सोय नाही. गुरुजींनी खाली लिहायला लावलं, 'चूक दिसल्यास घरी येऊन सांगावे.'

देवगाव फाट्याहून एक आजोबा एसटीनं खरंच आले. "बैजवार म्हंजे सावकाश, आसं लिवलंय तुमी. बैजवार म्हंजे नीट."

दोन तास वाद झाला, दोनदा चहा झाला. शेवटी मी फाईल उघडून लिहिलं, 'सावकाश आणि नीट.'

आजोबांनी चष्मा लावून वाचलं. "आता बैजवार झालं."

*

उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि लॅपटॉप जळाला. दुसरी कॉपी मी ठेवलीच नव्हती. 

आठवड्यानं संगीता आली. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, दरवर्षी ऊसतोडीला जाते. उसाच्या फडावर रेंज नसते, म्हणून जाताना तिनं सगळं फोल्डर मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं. मी ते साफ विसरलो होतो. तिनं मोबाईल पुढं केला. तोवरचे सगळे शब्द जागेवर होते.

"गुरुजी, एक फाईल जास्तीची हाय," ती म्हणाली. "ती माझी."

गुरुजींनी मोठ्यानं वाचली.

'कोयता: ऊसतोडीला गेलेले नवरा-बायको, दोघं मिळून एक. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. मी बारा वर्षं अर्धा कोयता हाय.'