नाफियेची चूल

अगं, मी सांगते ते लिहून घेतीस ना? तर ती नाफिये, आपल्या जिरोकास्तर गावात वरच्या आळीला राहायची. दगडी छपराचं जुनं घर. उन्हाळ्यातसुद्धा चूल पेटती ठेवायची, कारण धुरानं वासे कोरडे राहतात, कीड लागत नाही. मुलगा लुआन अथेन्सहून आला नि म्हणाला, "आये, खोकून खोकून मरशील!"

"मरू दे. घर तर राहील!"

त्यानं ऐकलं नाही. धुराडं बुजवलं, विजेची शेगडी आणून दिली. लेकाचं मन मोडवेना, म्हणून ती चूल विझवून शेगडीवर रांधू लागली. हळूहळू वासे ओल धरून कुजले नि एका हिवाळ्यात छपराचे दगड खाली आले. नाफिये आतच होती गं.

तुझा मामाही आपलं धुराडं बुजवायचं म्हणतोय. त्याला फोन कर, एवढं सांग.