तापलेली जमीन आणि बाईंची विहीर

होळी गावातल्या एका विहिरीच्या पाण्याला गोडसर वास यायचा. विहीर एका निवृत्त शिक्षिकेची. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही. त्यांच्या वाडीच्या कुंपणापलीकडे पूर्वी लोखंडी सुटे भाग धुण्याचा छोटा कारखाना होता. धुऊन उरलेलं रसायन तिथे वर्षानुवर्षं खड्ड्यात ओतलं गेलं. कारखाना बंद पडला, रसायन जमिनीत मुरून राहिलं आणि विहिरीत झिरपत राहिलं. ते काढायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि मी बोळिंजहून रोज स्कूटरने तिथे जाऊ लागले.

पद्धत सांगायला सोपी. जमिनीत खोलवर विजेचे रॉड सोडायचे आणि पाणी उकळायला येईल इतकी माती तापवायची. मातीला चिकटलेल्या रसायनाची वाफ होते. ती पाइपांनी ओढून कोळशाच्या गाळणीतून न्यायची.

"म्हणजे माझ्या केळी उभ्या उभ्या शिजणार?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही बाई. उष्णता कुंपणाच्या आतच राहील. तीन महिन्यांत विहीर सुधारायला लागेल."

इतक्या ठामपणे बोलायला नको होतं.

जमीन तापली. गावातली मांजरं येऊन त्या कोमट मातीवर पसरायची. मी मात्र दर तासाला तापमान बघत फिरायचे, एका जागी बसवतच नसे. मग विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. रसायन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. उष्णतेने सुटलेलं सगळंच वाफ होऊन वर आलं नव्हतं. काही पाण्याबरोबर कुंपणापलीकडे सरकलं होतं.

"पुढचा अहवाल येऊ दे, मग सांगू," आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले. "उगाच घाबरतील."

मी त्यांचं ऐकलं. बाईंचं घर टाळायला लांबच्या फाटकाने आत जाऊ लागले. घरी नळाचं पाणीसुद्धा वास घेतल्याशिवाय पिववेना. पाचव्या दिवशी राहवलं नाही. बाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"वास वाढलाय हे मला कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "तू लांबच्या फाटकाने जायला लागलीस, तेव्हा खात्री पटली. रोज वाट बघत होते, कधी सांगतेस याची."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले.

"आता प्रत्येक अहवाल आधी मला दाखवायचा. चांगला असो, वाईट असो."

साहेब माझ्यावर चिडले, पण कुंपणालगत नवीन बोअर मारायला तयार झाले. तिथून दूषित पाणी उपसायला लागल्यावर आकडा हळूहळू उतरला. तीन महिन्यांचे आठ महिने झाले. रॉड बंद केले तेव्हा आतली माती विटेसारखी कडक झाली होती आणि कुंपणाजवळची केळीची एक रांग मुळातून करपली होती. बाईंनी ती स्वतः खणून काढली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता बाई विहिरीचं पाणी झाडांना घालतात. पिण्याची परवानगी अजून नाही. दर महिन्याला मी बाटली भरून पाणी तपासायला देते. अहवाल येईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.