दाजींचा डायनॅमो

दाजी गेल्याचा ताईचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसलो होतो. सकाळीच त्यांनी कळवलं होतं, या रविवारीही गाडीचं काम नको. आणि संध्याकाळी ताई सांगत होती, दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत... ज्याच्यावर रागावलोय त्याच्यासाठी लगेच रडायचं तरी कसं? महिना उलटला, मला अजून जमलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐरोलीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची गोल दिव्यांची जुनी गाडी. तिचं दुखणं एकच, डायनॅमो. गाडी पळते तोवर तो बॅटरी चार्ज करतो. सिग्नलला उभी राहिली की हा बाबा झोपला, दिवे, वायपर सगळं बॅटरीच्या जिवावर. अल्टरनेटर लावला की उभ्या गाडीतही चार्जिंग चालू. माझा जन्म वायरिंगमध्ये गेला, माझ्यासाठी सुट्टीच्या दिवसाचं काम. पण दाजींना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "ओरिजिनल आहे ते," एवढंच. अहो, ओरिजिनल म्हणून माणूस किडका दात ठेवतो का?

भोगायची ताई. आमची आई मुलुंडला. दोघं संध्याकाळी तिला भेटायला निघायची, ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला की दिवे मिणमिणायचे आणि गाडी बंद. ताई उत्तम गाडी चालवते, पण अशा दिव्यांत अंधार पडल्यावर दाजी तिला स्टिअरिंग देत नसत. ती मला म्हणायची, "सुन्या, एकदा तरी न थांबता आईकडे जाऊ दे रे मला." त्या एका वाक्यासाठी मी हट्टाला पेटलो होतो.

शेवटी यंदा नवरात्रात दाजी कबूल झाले. मी अल्टरनेटर, ब्रॅकेट, नवा पट्टा घेऊन गेलो, डायनॅमो उतरवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी! दाजींनी माझे पाने, पक्कड, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं; आज हत्याराला हात लावायचा नाही. बरं, नाही लावत. दसऱ्याला सकाळी बॉनेट उघडलं तर म्हणाले, "आधी डायनॅमो परत लाव. लंगड्या गाडीची पूजा करतात का?" मी कपाळावर हात मारला. आणि लावला. झेंडूचा हार झाला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. मग आज नको, उद्या नको, दिवाळी होऊ दे... दिवाळी यायच्या आत दाजीच गेले.

तेरावं झाल्यावर ताईला विचारून मी काम उरकलं. इंजिन मंद ठेवून सगळे दिवे लावले. एकही मिणमिणला नाही. "बघा, सांगत नव्हतो?" माझ्या तोंडून निघून गेलं. वर्षानुवर्षं ठरवून ठेवलेलं वाक्य, आणि ऐकायला वॉचमन. असा संताप आला मला दाजींचा!

परवा ताई एकटी आईकडे जाऊन आली. परतली ती चेहरा पाडून. मी विचारलं, काही बिघडलं का?

"नाही रे, मस्त चालली. पुलावर बंद पडली ना, की तेवढं बोलायचे ते माझ्याशी. एरवी कुठे बोलायचे? आज मी थांबलेच नाही कुठे."

जुना डायनॅमो मी भंगारात दिलेला नाही, पुसून डिकीत ठेवलाय. उद्या ती म्हणाली परत लाव, तर दाजी, तुमच्या नावाने बोटं मोडत तोही लावीन मी.