त्या दिवशी कोणाचंच ताट वेगळं नव्हतं

ज्या माणसाच्या तर्रीनं अर्ध्या तालुक्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्याच्या शेवटच्या वाढदिवसाला ताटात उकडलेला आलू होता. फिका.

आज दिनकर भाऊजींना जाऊन वर्ष झालं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मंगरूळपीरला स्टँडजवळ त्यांचं नाश्त्याचं दुकान होतं. आलुबोंडा आणि वरून लालभडक तर्री. बाहेरगावची माणसं बस सोडायची, पण प्लेट सोडायची नाहीत.

आणि तोंडात सदा खर्रा, तंबाखू-सुपारी घोटलेला.
मी बोलून थकले. छाया, त्यांची बायको, रडून थकली.

शेवटी घशाची गाठ निघाली.

श्रुती, त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला आहे. तिच्या फ्लॅटवर राहून ट्रीटमेंट सुरू झाली. रेडिएशनचा शेक दिल्यावर तोंड आतून सोलून निघालं. तिखटाचा कण लागला तरी माणूस कळवळायचा.

छाया त्यांच्यासाठी वेगळं शिजवायची. मऊ खिचडी, नुसतं मीठ. वेगळं पातेलं, वेगळी वाटी.

मी आणि आमचे हे अधूनमधून तिथं जाऊन राहायचो. आम्ही जेवायला बसलो की भाऊजी आपली वाटी घेऊन गॅलरीत जायचे.

आम्हाला वाटायचं, फोडणीच्या वासाचा त्रास होत असेल.
आम्ही दार लोटून घ्यायचो.

मग त्यांचा वाढदिवस आला. कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं की पुढचा येणार नाही.

श्रुती मोबाईल घेऊन बसली. "बाबा, कुठं जायचं? एका ठिकाणी मस्त वऱ्हाडी थाळी मिळते. मोठ्या आईलाही आवडेल." मोठी आई म्हणजे मी.

भाऊजी म्हणाले, "तुह्या ऑफिसवाल्यांनी तुले जेवाले नेलं होतं ना, त्या जर्मन हाटेलात जाऊ."



"बाबा, तिथलं सगळं फिकं असते. मी आल्यावर घरी लोणचं खाल्लं होतं."
"हो. सांगितलं होतं तू."

आमचे हे हसायला लागले. "काहून रे दिन्या, पासपोर्ट हाय काय तुह्याजवळ? उभ्या जन्मात नागपूरच्या पुढं गेला नाही अन् आता जर्मनीत जेवते!"

"दादा, मरताना तरी फॉरेन दाखवा ना मले."

हसता हसता ह्यांचा चेहरा पडला.

मला खरं तर आवडलं नव्हतं. मी दहा रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करणारी बाई. त्यात आमच्या गळ्यात माळ. म्हटलं, "भाऊजी, तिथं नाही नाही ते शिजत असेल. आपल्या जोगतं काय मिळणार?"

"आलू मिळते, वयनी. आलू तं देवालेबी चालते."

गेलो.

लाकडी टेबलं, मंद दिवे. श्रुतीनं विचारून विचारून शाकाहारी तेवढं मागवलं. आलूचं सूप, आलूचे मोठे मऊ गोळे, चीज घातलेल्या शेवयांसारखं काहीतरी. ह्यांनी आधीच वेटरला सांगून ठेवलं, "हिरव्या मिरच्या आणजा."

छायानं सवयीप्रमाणं भाऊजींकडे बोट दाखवलं. "यांच्यासाठी वेगळं द्या. बिनतिखट."

वेटर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळंच बिनतिखट असतं. वेगळं काही लागणार नाही."

भाऊजींनी खुर्ची पुढं ओढली. अगदी टेबलाला पोट टेकेपर्यंत.

"ऐकलं काय छाया? आज माह्यं ताट वेगळं नाही."



कितीतरी महिने तो माणूस गॅलरीत बसून एकटा जेवत होता. आपल्याकडे बघून बाकीच्यांचा घास अडतो, म्हणून उठून जात होता. आणि आम्ही दार लोटत होतो.

वेटरनं मिरच्यांची बशी आणली. ह्यांनी हातानंच थांबवलं. "राहू द्या. वापस न्या."

मी नेहमीसारखा पहिला घास देवासाठी बाजूला काढला, टिश्यू पेपरवर. भोवती पाणी फिरवलं.

"वयनी, देवालेबी जर्मन चारता काय?"
"तुमच्यापायी त्यालाही पथ्य," मी म्हटलं.

खूप हसले. हसताना घसा दुखला, तरी हसले.

खाणं असं नाहीच झालं त्यांचं. अर्धी वाटी सूप, आलूचा एक तुकडा. पण शेवटपर्यंत बसून होते. मधेच म्हणाले, "आलू चांगला शिजवला बुवा. आपल्या दुकानात चालला असता. फक्त तर्री पाहिजे होती."

दिवाळीच्या आत गेले.

आज वर्षश्राद्ध झालं. गुरुजी म्हणाले, पानावर त्यांच्या आवडीचं वाढा. सगळ्यांनी एकच सांगितलं, आलुबोंडा-तर्री.

मी आलू उकडले. थोडं लोणी, थोडं मीठ. बाकीच्या स्वयंपाकातही तिखट घातलं नाही. वरण फिकं, भाजी फिकी.

पंगतीत कुजबुज झालीच. एक नणंद म्हणाली, "वयनी, मिरच्या संपल्या काय घरातल्या?"

ह्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आज असंच हाय. खा चुपचाप."
श्रुती जेवता जेवता उठून आत गेली. थोड्या वेळानं तोंड धुऊन परत आली, पुन्हा पंगतीत बसली.

भाऊजी, आज तुमचं पान वेगळं वाढावं लागलं. रीत आहे, इलाज नाही.

पण आमच्या ताटात जे होतं, तेच तुमच्या पानावर होतं.

दार उघडंच ठेवलं होतं.

धाकट्या दिरापुढं हात जोडायची वेळ कोणत्याही वहिनीवर येऊ नये.
माझ्यावर आली. जोडते.