प्रदेशाध्यक्षांची ना-हरकत

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी सिहोऱ्याला मास्तर होतो. माझ्या धानाच्या बांधीत जायची वाट चुलतभावाने नांगरून स्वतःच्या शेतात घेतली. दुसरी वाट नाही. बैल काय उडवत न्यायचे? मी दावा लावला. वकील तुमसरचे, बोलायला साखर. "कायले चिंता करता गुरुजी? वाट तुमचीच हाय," म्हणाले आणि मी निर्धास्त झालो. गाढव मी.

पुढे वकीलसाहेब पक्षात शिरले. आधी तालुका, मग जिल्हा, मग थेट प्रदेशाध्यक्ष. चौकातलं त्यांचं फ्लेक्स कोर्टाच्या दारापेक्षा मोठं, पण कोर्टात माणूस दिसेना. नाव मोठं, लक्षण खोटं. तीनदा पुकारा झाला, तीनदा मी एकटाच उभा. कागद सगळे साहेबांच्या कपाटात. पुढच्या तारखेला पुरावा मांडला नाही तर दावा काढून टाकीन, असं न्यायाधीशांनी बजावलं.

नवा वकील तयार होता. पण जुन्या वकिलाने वकीलपत्रावर 'हरकत नाही' लिहून सही दिल्याशिवाय तो हात लावेना. आता प्रदेशाध्यक्षांना गाठायचं कुठे? भंडाऱ्यात गेलो की ते मुंबईत, नागपूरला गेलो की दौऱ्यावर. शेवटी साकोलीच्या सभेत सापडले. हारांतून नुसता चष्मा दिसत होता. मी वकीलपत्र पुढे केलं. "साहेब, सही पाह्यजे." त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. निवेदन समजून कोपऱ्यात लिहिलं, 'तपासून योग्य ती कार्यवाही करावी', आणि खाली सही ठोकली. "झालं समजा तुमचं काम," म्हणाले नि गाडीत बसले.

नवा वकील ते वाचून पोट धरून हसला. "कार्यवाही कोन करंन गुरुजी? तुमचे बैल?" त्याने वकीलपत्र मला परत दिलं. तारखेला दावा खारीज झाला. त्या वर्षी बांधी पडीक राहिली.

निवडणूक आली तसे साहेब हात जोडत आमच्या अंगणात आले. खाटेवर बसून चहा घेतला, धान कसं आहे विचारलं. मी वाटेचं सगळं सांगितलं, दावा खारीज झाला तेही सांगितलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं. कप खाली ठेवून त्यांनी मान हलवली.

"इतका सोपा दावा, गुरुजी. वकील कोन होता तुमचा?"